प्रोग्राम दुसरीच्या हातात

कृष्णेच्या पुरानं आमच्या घराची मागची भिंत नेली तेव्हा मी सातवीत होते. घर म्हणजे एक खोली आणि पुढं पत्र्याचा सोपा. पाणी उतरल्यावर शाळेतल्या छावणीतनं परत आलो, तर चुलीत गाळ, ट्रंकेत गाळ, आणि माझ्या पुस्तकांची चिकटून एक वीट झालेली. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, मागच्या बाजूला ताडपत्री बांधली आणि म्हणाले, “दिवाळीपतोर भिंत उभी करतो.” ती ताडपत्री मी बारावी होईपर्यंत तिथंच होती. वारा सुटला की ती फडफडायची आणि वहीची पानं उडायची. मी डाव्या हातानं वही दाबून उजव्यानं लिहायला शिकले.

आबा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे. कारखान्याचं धुराडं पेटलं की चार-पाच महिने उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या, बाकीचं वर्ष मिळेल ते काम. आई भांगलायला जायची. शिरोळच्या काळ्या रानात खुरपं धरून धरून तिचं उजव्या हाताचं बोट वाकडं झालं, ते अजून तसंच आहे. आबा चौथी शिकलेले. आई शाळेत गेलीच नाही. सही तेवढी येते, तीही मी शिकवलेली. हे कुणाला दया यावी म्हणून सांगत नाही. आमच्या गल्लीत सगळ्यांचं थोडंफार असंच होतं. पण पुढं मी जो प्रोग्राम लिहिला तो तसा का लिहिला, हे कळायला आमचं घर माहीत पाहिजे.

बारावीनंतर कोल्हापूरला कॉलेजात गेले, संगणकाच्या पदवीला. जाऊन-येऊन एसटीनं. घरात संगणक नव्हता. कॉलेजच्या लॅबमध्ये एका मशीनवर दोघी, आठवड्यातनं दोनदा, दीड-दीड तास. म्हणून मी प्रोग्राम आधी वहीत लिहायचे, तेही एसटीत, मांडीवर. गाडी खड्ड्यात आदळली की कंस सुटायचा. असं लिहिताना कुठल्या गोष्टीला लांबलचक नाव देणं परवडतच नव्हतं. मी एक्स म्हणायचे, नाहीतर एक्स-एक, एक्स-दोन. लॅबमध्ये गेलं की ते धडाधड टाईप करायचं. एक तुकडा बरोबर चालला की तोच उचलून खाली परत चिकटवायचा, त्यात थोडं बदलायचं. नव्यानं विचार करायला वेळ कुठं होता?

अशा तऱ्हेनं शेवटच्या वर्षी मी शब्द ओळखायचा खेळ बनवला. खेळ साधा. संगणक एक इंग्रजी शब्द मनात धरतो आणि पडद्यावर जितकी अक्षरं तितक्या रेघा दाखवतो. आपण एकेक अक्षर सांगायचं. शब्दात असेल तर रेघेवर येऊन बसतं, नसेल तर आपला एक जीव जातो. आठ जीव. परीक्षेला आलेले बाहेरचे सर दोन डाव खेळले, दोन्ही हरले, हसले, आणि मला पैकीच्या पैकी गुण देऊन गेले. माझी प्रॅक्टिकलची वही वर्गात सगळ्यांत जाड होती. जाड वहीला गुण जास्त, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून ठाऊक. घरात पहिली पदवी माझी. आबांनी निकालाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रॅक्टरच्या मालकाला दाखवला.

त्या खेळावरच मला राजारामपुरीत एका छोट्या ऑफिसात शिकाऊ म्हणून घेतलं. खाली सायकलच्या सामानाचं दुकान, वर दोन खोल्या. तिथं दूध डेअऱ्यांचे प्रोग्राम बनायचे: कुणी किती लिटर घातलं, फॅट किती लागली, असलं. मालक म्हणजे सर, मूळ गडहिंग्लजकडचे. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. ते आम्हा पोरींना ‘तंगी’ म्हणायचे. तिकडं कर्नाटकच्या सीमेवर धाकट्या बहिणीला तसं म्हणतात.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा खेळ उघडला, खाली सरकवत राहिले, सरकवत राहिले, आणि विचारलं, “हे एक्स, एक्स-एक, एक्स-दोन. भाऊ-भाऊ हायत काय हे?”

मी म्हणाले, “नाही सर. एक्स म्हणजे जीव, एक्स-एक म्हणजे अक्षर...”

“मला न्हाय सांगायचं,” ते म्हणाले. “त्याला सांगू दे.” आणि पडद्याकडं बोट केलं.

मग त्यांनी ऑफिसची रीत सांगितली. शिकाऊ माणसाला तीन महिने. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी परीक्षा. परीक्षा अशी की तू स्वतःच लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या शिकाऊच्या हातात द्यायचा. सर त्यात एक छोटा बदल सांगणार. तो बदल त्या दुसऱ्यानं एका तासात करायचा. तू तोवर खिडकीजवळच्या स्टुलावर बसायचं, आणि मुकं बसायचं. एक शब्द बोललीस की परीक्षा बाद. तीन महिन्यांत एकदा जमलं तर कायम, नाही जमलं तर राम राम.

“असं का?” मी विचारलं.

“पयला एक पोरगा होता. हुशार. पुण्याला गेला. त्याचा प्रोग्राम बंद पडला तवा सकाळी सकाळी डेअरीत किटल्यांची रांग, आन आमच्यातल्या एकालाबी तो उघडून कळंना. पंधरा दिवस वहीवर दूध लिवलं. तवापासनं ही रीत.”

घरी सांगितलं तर आबा म्हणाले, “तीन म्हयनं बघ. न्हाय जमलं तर आपल्या गावच्या डेअरीत जागा हाय, सेक्रेटरीला इचारलंय मी. काट्यावर बसायचं.” गावच्या डेअरीतलं काम मला माहीत होतं. किटली काट्यावर ठेवली की एक बटण दाबायचं. पदवी घेऊन एक बटण दाबायचं. मनात पक्कं केलं, मी त्या काट्यावर बसणार नाही.

माझ्याबरोबरची दुसरी शिकाऊ कळंब्याची होती. तिचे अब्बा शिवणकाम करायचे, घरात शिकलेली तीही पहिलीच. तोंडानं फटकळ. कोल्हापूरच्या पोरींसारखी ती ‘मी येतो, मी बघतो’ असंच बोलायची. पहिल्या शुक्रवारी माझा प्रोग्राम तिच्या हातात गेला आणि मी स्टुलावर बसले.

सर म्हणाले, “आठ जीव हायत. सहा कर.”

मला हसू आलं. एक मिनिटाचं काम. तिनं शोधून एका आठाचा सहा केला आणि खेळ चालवला. वर लिहून आलं, ‘तुम्हाला आठ जीव आहेत.’ तिनं तो आठ शोधला. मग जीव संपल्यावरचा आठ. मग एक शब्द ओळखल्यावर दुसरा शब्द येतो तिथला आठ. माझ्या प्रोग्राममध्ये तीस शब्द होते आणि प्रत्येक शब्दाला मी तोच तुकडा चिकटवलेला. म्हणजे तीस वेळा आठ. घड्याळ पुढं चाललेलं. तिनं वैतागून सगळेच आठ एका दमात सहा करून टाकले. आणि खेळ मोडला, कारण त्यातले काही आठ जीवांचे नव्हतेच. शब्दात जास्तीत जास्त किती अक्षरं चालतील, तोही आकडा आठच होता.

मी स्टुलावरनं उठले. “अगं तो आठ नको, तो शब्दाचा आठ हाय!”

सरांनी घड्याळ बघितलंही नाही. “झालं. बाद.”

“सर, मला विचारलं असतं तर...”

“सकाळी पाचला आजऱ्याच्या डेअरीतनं फोन आला, तू ताप घिऊन झोपलीस, तर कुणी इचारायचं तुला? तुझ्या आईला?”

जेवणाच्या सुट्टीत जिना उतरताना कळंब्याची म्हणाली, “मी काय मुद्दाम नाही केलो हां. पण तुझ्या त्या एक्सच्या भावकीत माणूस हरवतो.”

मला तिचा राग आला होता. तिचाही प्रोग्राम मीच बदलणार होते, त्याच दुपारी, आणि माझ्या मनात वाईट विचार येऊन गेला हे कबूल करते. पण तिचा प्रोग्राम उघडला तर तोही तसलाच होता. आम्ही दोघीही नापास. मग राग कुठं टाकायचा?

दुसरा महिना मी कापाकापीत घालवला. तीस शब्द उचलून वेगळ्या फाईलमध्ये ठेवले, एका ओळीत एक. तीस वेळा चिकटवलेला तुकडा एकदाच लिहिला आणि त्याला सांगितलं, फाईलमधला कुठलाही शब्द घे आणि चाल. जीव किती, हे सगळ्यांत वर एकाच जागी लिहिलं. रिकामं एन्टर दाबलं तरी जीव जायचा, ती खोड काढली. तेच चुकीचं अक्षर पुन्हा सांगितलं की पुन्हा जीव जायचा. ते तर मला कधी दिसलंच नव्हतं, कळंब्याचीनं जेवणाच्या सुट्टीत खेळता खेळता दाखवलं. “एका गुन्ह्याला दोनदा फाशी देतीस व्हय गं?” म्हणाली.

एवढं काढणं जिवावर आलं होतं. जाड वहीची सवय. हजारावर ओळी होत्या त्या तीनशेच्या आत आल्या, आणि मला वाटत राहिलं की मी माझे गुण कापतेय. तरी कापलं. मग उरलेल्याचे नऊ भाग केले आणि त्यांना नावं दिली: काम-एक, काम-दोन, ते काम-नऊ. मला ते फार नीटनेटकं दिसलं.

दुसऱ्या शुक्रवारी सर म्हणाले, “आधी सांगून झालेली अक्षरं पडद्यावर खाली दिसू देत.”

मी तळहात मांडीखाली घालून बसले. कळंब्याचीनं उघडलं. काम-एक वाचलं. काम-दोन वाचलं. काम-चारवर आली आणि स्वतःशीच म्हणाली, “हे काय करतंय आता?” पुढं काम-सहा काम-चारला बोलवत होतं, ते वाचायला वर गेली, परत खाली आली, तोवर काम-सहा काय होतं ते विसरली. मला सगळं ठाऊक होतं. काम-चार पडदा काढतं, म्हणजे रेघा आणि अक्षरं पडद्यावर मांडतं. मी ओठ आवळून बसले होते. तिनं तिचा बदल काम-सातमध्ये घातला. अक्षरं दिसली, पण दोन-दोनदा, आणि जीव गेल्यावरच. तिनं काढलं, दुसरीकडं घातलं. तास संपला.

सर म्हणाले, “बोलली न्हाईस, हे बेस झालं. पण तुझी कामंबी बोलत न्हाईत. काम-चार, काम-पाच. रोजगार हमीची यादी हाय काय ही? नाव घे की त्यांचं.”

माझं डोकं तापलेलं होतं. “नावात काय सर, मला माहीत आहे कुठलं काय ते.”

“तुला म्हाईत हाय,” ते म्हणाले. “तिला कसं असंल?”

त्याच दिवशी मी बदलला तिचा प्रोग्राम, पन्नास मिनिटांत. ती कायम झाली. मी तिला पेढा भरवला आणि संध्याकाळच्या गाडीनं गावी गेले. डोळे भरून येत होते, पण एसटीत रडायचं नाही असं मी कॉलेजपासून ठरवलेलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बँकेचा एक फॉर्म नव्यानं भरून द्यायचा होता, म्हणून आईला घेऊन तालुक्याला गेले. तिथं म्हणाले, आईच्या आधार कार्डाची झेरॉक्स पाहिजे. आईला खिडकीपाशी रांगेत उभी करून मी कार्ड घेऊन समोरच्या दुकानात गेले. परत आले तर बँकेत हशा चाललेला.

खिडकीच्या आत एक तरुण साहेब होता, बाहेरच्या जिल्ह्यातनं नवा आलेला. त्यानं फॉर्मवर पेन टेकवून विचारलेलं, “पतीचं नाव?” आणि आमची आई नवऱ्याचं नाव घेत नाही. आता आमच्या गल्लीतल्या सुनासुद्धा बिनदिक्कत घेतात, पण आई नाही. आबांना ती हाक मारते ती नुसती ‘अवो’. लोकांत बोलताना ‘ह्यांनी’. गेली पंचवीस वर्षं तिचं काही अडलेलं नाही.

ती त्या साहेबाला समजावून सांगत होती. “डोंगरावरचा देव न्हवं का. त्येचं.”

“कोणता डोंगर, मावशी?”

“आता काय सांगावं. चैतात जत्रा भरतीया. गुलालच गुलाल.”

“खंडेराव?”

रांग हसली. मागचा एक म्हातारा म्हणाला, “पावणं, जेजुरीला गेलासा की. अलीकडं या, अलीकडं.” एक बाई म्हणाली, “पयलं अक्षर सांगा की हो त्यास्नी.” आई म्हणाली, “आगं बया, पयलं सांगितलं म्हंजे घेतलंच की सगळं.” साहेबानं अजून एक देव सांगितला, तोही चुकला. त्याचे कान लाल झाले होते. आईच्या मागं वीस माणसं थांबलेली.

मी पुढं होऊन झेरॉक्स आत सरकवली. त्यावर आबांचं नाव छापलेलं होतं. त्यानं ते बघून लिहिलं आणि सुटल्यासारखा श्वास सोडला.

बाहेर पडल्यावर मी आईवर चिडले. “एवढं नाव घ्यायला काय होतंय गं तुला? सगळी रांग अडवलीस.”

“मला ठावं हाय की कोन ते.”

“तुला ठावं हाय, त्याला कसं ठावं असणार?”

आणि मी रस्त्यातच थांबले. हीच दोन वाक्यं आदल्या दिवशी ऑफिसात झाली होती. फक्त आईचं वाक्य तिथं मी म्हटलं होतं.

आई म्हणाली, “काय झालं? चप्पल तुटली काय?”

“काही नाही. तू कधीच घेणार नाहीस काय नाव?”

“मी कशाला घिऊ? तू लिवून देत जा की. शिकवलंय कशापायी तुला?”

तिचं बरोबर होतं. तिच्या घरात माणसं तीन. ‘ह्यांनी’ म्हटलं की कोण, हे तिघांनाही कळतं. तिला नाव न घेणं परवडतं. मी जे लिहीत होते ते मात्र घरातल्या तिघांसाठी नव्हतं. ते खिडकीच्या आतल्या परक्या माणसासाठी होतं, आणि त्याच्यासमोर कुणीतरी किटली घेऊन थांबलेलं असणार होतं.

सोमवारी मी नावं द्यायला बसले. वाटलं होतं अर्ध्या दिवसाचं काम. सगळा आठवडा गेला. काम-एकला नाव पटकन सापडलं: ‘शब्द निवड’. काम-चारला ‘पडदा काढ’. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द मराठीच. सर म्हणाले चालेल, नाव खरं असलं की झालं. पण काम-पाचला काही केल्या नाव देता येईना. ते खेळणाऱ्याकडनं अक्षर घ्यायचं, ते आधी सांगितलंय का बघायचं, आणि शब्दात नसेल तर जीवही कापायचं. ह्याचं नाव काय ठेवणार? ‘अक्षर घे आणि बघ आणि काप’? दोन दिवस मी नावच शोधत होते. तिसऱ्या दिवशी कळलं की चूक नावात नाही. ते एक काम नव्हतंच, तीन होती. तिन्ही सुटी केली, तशी तिघांनाही आपापली नावं मिळाली. तसेच आणखी दोन-तीन भाग फोडले आणि नऊ भागांचे चौदा झाले. ओळी थोड्या वाढल्या, आणि या वेळी मला त्या वाढल्याचं काही वाटलं नाही.

पण नाव खरं आहे का, हे मी कशी ठरवणार? मला तर सगळं आधीच ठाऊक. त्या महिन्यात मी कोल्हापुरातच मुलींच्या वसतिगृहात राहत होते. खोलीतली दुसरी मुलगी नर्सिंग शिकायची, संगणकाशी तिचा काही संबंध नाही. मेसच्या रांगेत ताट घेऊन उभ्या असलो की मी तिला एकेक नाव सांगायचे आणि विचारायचे, हे काय करत असेल?

“‘तपास’,” मी म्हणाले.

“कशाचा? रक्ताचा का थुंकीचा?”

मी त्याचं ‘अक्षर शब्दात आहे का’ केलं. दुसऱ्या दिवशी परत विचारलं.

“आता काय, ते विचारतंय की अक्षर आहे का. हो नाहीतर नाही म्हणेल. एवढंही कळत नाही होय मला?”

“आणि ‘आवर’?”

“खोली?” ती म्हणाली. “आज तुझी पाळी आहे, सांगून ठेवते.”

‘आवर’चंही नाव बदललं. तिला जे पहिल्या झटक्यात ओळखता आलं तेवढंच ठेवलं. ती शेवटी शेवटी कंटाळली होती. वाढणाऱ्या मावशी म्हणायच्या, “तुमचं चालू द्या, भाजी थंड हुतीया.”

आणखी एक केलं. एक छोटा वेगळा प्रोग्राम लिहिला, जो हा खेळ स्वतःच खेळून बघायचा. बारा डाव. जिंकायचा डाव, हरायचा डाव, तेच अक्षर दोनदा, रिकामं एन्टर, असे. काहीही बदललं की आधी ते बारा डाव चालवायचे. कुठला डाव मोडला ते तो सांगायचा. कॉलेजात असं कुणी शिकवलं नव्हतं. सर करायचे, ते बघून घेतलं.

तिसरा शुक्रवार. ही शेवटची. आबांनी सकाळी फोन केला होता. डेअरीच्या सेक्रेटरीला सोमवारी काय ते सांगायचं होतं. मी म्हणाले, “संध्याकाळी सांगते.”

कळंब्याची खुर्चीवर बसली, मी स्टुलावर. ती कायम झालेली होती, तरी माझा प्रोग्राम तिच्याच हातात. सर म्हणाले, “प्रत्येक शब्दाबरोबर एक इशारा पाहिजे. फळ हाय, जनावर हाय, का अवजार. चार जीव गेल्यावर तो इशारा पडद्यावर यायचा.”

मोठा बदल होता. आधीच्या दोन्हींपेक्षा मोठा.

तिनं उघडलं. वरची जीवांची ओळ वाचली, मान हलवली. शब्दांची फाईल उघडून प्रत्येक शब्दापुढं इशारा लिहीत सुटली. मग ‘शब्द निवड’मध्ये गेली, बदललं. ‘जीव कमी कर’ वाचलं, पुढं गेली. ‘पडदा काढ’मध्ये इशाऱ्याची ओळ घातली. वीस मिनिटं झाली होती. तिनं एकदाही वर बघितलं नाही. मी श्वास सोडला आणि त्याच वेळी तिनं बारा डाव चालवले. अकरा पास, एक मोडला. पहिला शब्द संपून दुसरा आला तरी पहिल्याचाच इशारा दिसत होता.

ती शोधू लागली. मला माहीत होतं कुठं आहे ते. एक भाग होता, ‘पडदा पूस’ नावाचा. तो नुसता पडदा पुसत नव्हता. नवा शब्द आला की आधी सांगितलेली अक्षरंही तोच रिकामी करायचा. इशाराही तिथंच रिकामा करायला पाहिजे होता. पण नाव पडद्याचं, मग तिथं कोण बघणार? ती त्याच्यावरनं दोनदा पुढं गेली. दहा मिनिटं गेली. मग आणखी दहा. माझी जीभ दातांखाली होती. मी खिडकीतनं खाली बघत बसले; दुकानदार कुणाच्या तरी चाकात हवा भरत होता. मला वाटत होतं, एक शब्द. फक्त ‘पूस’. सर माझ्याकडंच बघत होते.

मी बोलले नाही.

कळंब्याचीनं मोडलेला डाव पुन्हा चालवला. कुठल्या ओळीनंतर बिघडतंय ते बोटानं धरलं, आणि तिथनं एकेक पायरी मागं आली. थांबली. आणि सरळ मोठ्यानं म्हणाली, “हे नाव खोटं बोलतंय.” तिनं ‘पडदा पूस’ उघडलं, त्यातला अक्षरं रिकामी करायचा भाग काढून वेगळा केला, त्याला ‘नवा डाव मांड’ असं नाव दिलं, आणि त्यात इशाऱ्याची एक ओळ घातली. बारा डाव चालवले. बारा पास.

तास संपायला सहा मिनिटं होती.

सरांनी खुर्ची ओढली आणि एक डाव खेळले. चार जीव गेल्यावर इशारा आला, ‘अवजार’. तरी त्यांना शब्द ओळखता आला नाही. हरले. उठून आतल्या खोलीत गेले.

मी कळंब्याचीला म्हणाले, “ते नाव मी चुकवलं होतं.”

“मग? मी नीट केलो की,” ती म्हणाली. “तुला न विचारता केलो. त्यासाठीच तर बसवलंय तुला तिथं ठोकळ्यासारखं.”

सर बाहेर आले ते पत्र टाईप करून. माझ्या हातात देताना म्हणाले, “तंगी, नाव बरोबर हाय का बघ.” मी बघितलं. बरोबर होतं. आबांना फोन लावला आणि सांगितलं, डेअरीच्या सेक्रेटरीला नाही म्हणा.

त्याला आता तीन वर्षं झाली. मी त्याच ऑफिसात कायम आहे. माझ्या हातचे प्रोग्राम आज जिल्ह्यातल्या डेअऱ्यांत चालतात, आणि मी रजेवर असले तरी ते दुसऱ्याला उघडून दुरुस्त करता येतात.